उजव्या डोळ्याची बाहुली

माझा धाकटा भाऊ खोटं बोलायचं असलं की आधी चहाची तारीफ करतो. त्या मंगळवारी संध्याकाळी तो दुकानातून आला, खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "ताई, आज चहा अगदी झक्क झालाय हं."

चहा अजून गॅसवर होता.

"काय लपवतोयस?" मी विचारलं.

"मी? मी कशाला काय लपवू?"

"मग न प्यायलेल्या चहाचं कौतुक कुणी करतं का?"

तेव्हा साहेबांनी कबूल केलं, की दुकानाची पायरी उतरताना जरासा पाय चुकला. जरासा म्हणजे किती, तर पँट गुडघ्यावर फाटून आत खरचटण्याइतका. पायरी जिथे दिसत होती तिथे ती नव्हतीच, म्हणाला. शिवाय दुपारपासून डोकं गरगरतंय, पण ते उकाड्याने असेल.

उकाडा काही नव्हता. मी स्वेटर घालून उभी होते.

आम्ही दोघंच राहतो. तो सत्तरीचा, मी चौऱ्याहत्तरची. त्याने लग्न केलं नाही, माझा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला आणि मी चार पिशव्या घेऊन याच्याकडे आले, ती आलेच. मी अडतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत काढली. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून त्याच्या पाकिटात चांगली बातमी आहे की वाईट ते मला कळायचं, त्यामुळे सख्ख्या भावाने माझ्याशी लपवाछपवी करू नये. पण करतो.

तो शाईची पेनं दुरुस्त करतो. आता अशी पेनं कोण वापरतं, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात, आणि तो सगळ्यांवर सारखाच चिडतो. वापरतात लोक. वकील वापरतात, म्हातारे मास्तर वापरतात, आणि हल्ली आजोबांच्या कपाटात पेन सापडलेली तरुण मुलंही येतात. एका इमारतीच्या जिन्याखाली कपाटाएवढं दुकान आहे त्याचं. तिथे बसून तो निबेची दोन टोकं एकमेकांशी जुळवतो. केसाइतका फरक राहिला तरी निब कागद खरवडते म्हणे. तो फरक बघायला त्याचं एक भिंग आहे, काळ्या रबरी कडेचं, उजव्या डोळ्याच्या खोबणीत बसवायचं. हात न लावता ते तिथे तासन्‌तास बसून राहतं. त्या भिंगाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. दुकानातही ठेवत नाही तो ते, रोज पिशवीतून घरी आणतो आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवतो. बायको असती तर तिला इतकं जपलं नसतं.

घरात तिसरा एक आहे, तो म्हणजे बोका. त्याचं नाव मी जावई ठेवलंय. येतो, खातो, खाण्याला नावं ठेवतो आणि सगळ्यात चांगल्या खुर्चीत झोपतो, मग दुसरं काय म्हणायचं? त्या आधीच्या शनिवारी जावई कुठेतरी मारामारी करून आला होता, एक डोळा मिटून. जनावरांच्या डॉक्टरने डोळ्याला नखाची जखम झालीय म्हणून मलम दिलं, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस, खालच्या पापणीच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढं. सांगायला काय जातंय! चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला तांदळाचा दाणा ताटात दिसत नाही, तर रागावलेल्या बोक्याच्या पापणीत कुठून दिसणार? पण जमवलं मी. भाऊ मात्र त्या मलमाकडे बघायलाही तयार नव्हता. "त्या गुंडाचे लाड पुरे," एवढंच म्हणायचा.

तर मंगळवार झाला. बुधवारी तो दुकानात गेला आणि अकरालाच परत आला. घरात शिरल्या शिरल्या पडदे ओढून घेतले. उजेड टोचतोय, म्हणाला. गुरुवारी पेल्यात पाणी ओतताना धार पेल्याच्या बाहेर, टेबलावर. मी फडकं घेऊन पुसलं. त्याने वाद घातला नाही, आणि तेच मला जास्त लागलं, कारण एरवी टेबल पुसण्यावरून आमचं पाच मिनिटं तरी वाजतंच.

शुक्रवारी सकाळी मी त्याला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं आणि पडदा सरकवला.

"अगं, डोळे दिपतात माझे!"

"दिपू देत. इकडे बघ."

त्याच्या उजव्या डोळ्यातला तपकिरी रंग जवळजवळ नाहीसाच झाला होता. मधली काळी बाहुली शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढी पसरली होती. डाव्या डोळ्यातली मात्र मिऱ्याएवढी, नेहमीसारखी. एकाच तोंडावर दोन माणसांचे डोळे असावेत तसं ते दिसत होतं.

"तू आरशात पाहिलं नाहीस?"

"पाहिलं ना. बुधवारी, दाढी करताना."

"मग?"

"मग काय, दाढी केली."

त्याला दोन शिव्या घातल्या आणि टॅक्सी बोलावली.

हॉस्पिटलमध्ये आधी एका खिडकीवर, मग दुसऱ्या खिडकीवर, मग एका लांबलचक बाकावर, असं करत आम्ही दुपारी मेंदूच्या डॉक्टरांपुढे पोचलो. उंच, सडपातळ, अतिशय हळू बोलणारा माणूस. डॉक्टर हळू बोलायला लागला की समजावं, प्रकरण गंभीर. मोठ्याने बोलणारा डॉक्टर म्हणजे सर्दी-खोकला. याने भावाच्या दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला, नाकाला बोट लावायला सांगितलं, रेषेवरून चालवलं. डावी बाहुली उजेड पडला की आकसायची. उजवी तशीच, ढिम्म.

"डोळ्यात काही थेंब, औषध वगैरे घातलं होतंत का?" त्याने विचारलं.

"छे!" भाऊ म्हणाला.

"काही नाही," मीही म्हणाले. शपथेवर विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

मग मेंदूचे फोटो काढले. ते स्वच्छ निघाले. मला वाटलं, सुटलो. पण डॉक्टर आणखी हळू आवाजात म्हणाला, की मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीला बारीकसा फुगा आला आणि तो डोळ्याच्या नसेवर दाबला, तर बाहुली अशी मोठी होते. फुगा फार लहान असेल तर या फोटोत निसटू शकतो. म्हणून बुधवारी मांडीच्या शिरेतून नळी घालून एक तपासणी करायची. आधी सोमवारी डोळ्यांच्या विभागात दाखवून घ्यायचं. तोवर इथेच राहा म्हणाला, तर आमचे बंधुराज ऐकतील तर शपथ. घरी ताई एकटी आहे, म्हणाला. जशी काही मी पाळण्यातली.

"आणि तो फुगा फुटला तर?" मी विचारलं.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणून तर लवकर बघायचंय."

शनिवारी सकाळी भाऊ म्हणाला, "चल, दुकानात जाऊन येऊ. लोकांची पेनं परत करून टाकतो."

"का? बुधवारनंतर कर की."

"बुधवारनंतरचं बुधवारनंतर."

मी त्याच्याबरोबर गेले. त्याने अर्धवट दुरुस्त झालेली सतरा पेनं काढली, प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आणि गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावायला मला सांगितलं. दुपारपर्यंत बरेच जण येऊन घेऊन गेले. एका मास्तरीणबाईंनी विचारलं, "परत कधी आणू?" तर म्हणाला, "दुसरीकडे बघा." दुसरीकडे कुठे बघणार? या शहरात दुसरं कुणी नाहीच. त्या बाई बराच वेळ पेन हातात धरून उभ्या राहिल्या आणि मग गेल्या.

सगळे गेल्यावर त्याने एकदा भिंग डोळ्याला लावलं. एक जुनी निब दिव्याखाली धरली. बघितली, काढलं, रुमालाने डोळा पुसला, परत लावलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"धूर," तो म्हणाला. "सगळीकडे धूर आणि दिव्याभोवती कडं." मग भिंग पिशवीत टाकलं आणि म्हणाला, "चल."

मला भीती वाटत होती, सरळ सांगते. नवरा गेला तेव्हा तो दोन वर्षं आजारी होता, मनाची तयारी झाली होती. इथे कसली तयारी? काल-परवापर्यंत माझ्याशी टॉवेल कुठे वाळत घालायचा यावरून हुज्जत घालणारा माणूस. त्या शनिवार-रविवारी दुपारी तो आडवा झाला की मी दारात उभी राहून त्याची छाती वरखाली होतेय ना ते बघायची. तो डोळे मिटूनच म्हणायचा, "आहे मी, जा." मग मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळायची.

आणि याचं फोनवर काहीतरी चाललं होतं. शुक्रवारी रात्री आणि रविवारी, असं दोनदा तो गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन बोलत होता. मी गेले की गप्प. दुसऱ्या वेळी मी दार उघडलं, तर फोन खिशात टाकत म्हणाला, "ताई, सकाळचा चहा काय सुरेख झाला होता."

मी समजले. डॉक्टरने याला काहीतरी सांगितलंय, जे मला सांगायचं नाही असं ठरलंय. मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर नको होतं.

सोमवारी डोळ्यांच्या विभागात गेलो. तिथली डॉक्टरीण म्हणजे ठेंगणीशी, गुबगुबीत, खणखणीत आवाजाची. दारातूनच ओरडली, "या, या, कुणाचा डोळा? दोघांचे की एकाचा?" मला ती एकदम आवडली. तिने डोळ्याचा दाब मोजला, यंत्राला हनुवटी टेकवून आत बघितलं, कागद वाचले आणि म्हणाली, "आजोबा, पापणी खाली आलेली नाही, डोळा सगळीकडे व्यवस्थित फिरतोय. नुसती बाहुलीच रुसून बसलीय. मी आता दोन्ही डोळ्यांत एक थेंब घालते. बाहुली लहान करणारा थेंब आहे. बाहेर बसा, पाऊण तासाने बघू."

आम्ही बाहेर बसलो. समोरच्या भिंतीवर मोठी-लहान अक्षरं लिहिलेला तक्ता होता. भाऊ डावा डोळा झाकून तो वाचायचा प्रयत्न करत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

पाऊण तासाने तिने टॉर्च मारला. मग खुर्ची मागे ढकलून मोठ्याने हसली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर हसलेला मी तरी त्याआधी पाहिला नव्हता.

"आजी, बघा इकडे. डावी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालीय की नाही? आणि उजवी?"

"तशीच आहे," मी म्हणाले.

"तशीच आहे ना? उत्तम!"

"उत्तम काय त्यात?" मी जवळजवळ खेकसलेच.

"ऐका. मेंदूतून येणाऱ्या नसेत बिघाड असता, तर या थेंबाने बाहुली मुकाट लहान झाली असती. ती हललीसुद्धा नाही. याचा अर्थ नस ठणठणीत आहे, पण डोळ्यात कुठलंतरी औषध गेलंय, ज्याने बाहुली बांधून ठेवलीय. आता मला सांगा, काय घातलंत डोळ्यात?"

"काही घातलं नाही हो," भाऊ वैतागून म्हणाला. "तीन वेळा सांगितलं."

"घरात आणखी कुणी डोळ्यांचं औषध वापरतं?"

"घरात आम्ही दोघंच."

"आणि जावई," मी म्हणाले, कारण मी खरं सांगणारी बाई आहे.

"जावयांच्या डोळ्यांना काही झालंय का?"

"हो, मारामारीत नख लागलं. मी मलम घालते ना, सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "तुम्ही घालता? वय काय जावयांचं?"

"सात," मी म्हणाले.

"बोका आहे तो," भाऊ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मलमाचं नाव?"

नाव कुणाच्या लक्षात राहतंय, पण कागद माझ्या पर्समध्ये होता. जनावरांच्या डॉक्टरचा. तिने तो वाचला आणि मान हलवायला लागली. "हेच. बाहुली मोठी करायचंच औषध आहे हे. जखम दुखू नये म्हणून देतात. चुकून माणसाच्या डोळ्यात कणभर गेलं तरी आठवडाभर हे असं. उजेड टोचतो, धूसर दिसतं, दोन डोळे जुळत नाहीत म्हणून पायरी चुकते, गरगरतं. पण आजी, मलम घालता तुम्ही, बोक्याच्या डोळ्यात. ते आजोबांच्या डोळ्यात पोचलं कसं? आणि फक्त उजव्यात? बोक्याला उचलून डोळे चोळतात का हे?"

"मी त्या गुंडाला हात लावत नाही," भाऊ म्हणाला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या स्टुलावर कळलं. उजवा डोळा! अगं बाई, उजवा डोळा!

मनात आलं, नाही सांगितलं तर? औषध गेलंय हे कळलं, आठवडाभरात उतरेल, झालं. पण ती बाई टॉर्च हातात घेऊन वाट बघत होती, आणि समोर याचा तो बटणाएवढा डोळा.

"मी भिंग घेत होते," मी म्हणाले.

"काय?" भाऊ म्हणाला.

"मला तांदळाचा दाणा दिसत नाही रे! तू सकाळ-संध्याकाळ आंघोळीला गेलास की पिशवीतून तुझं भिंग काढायचे. एका हाताने जावयाची पापणी ओढायची, बोटाने मलम आत सारायचं, दुसऱ्या हाताने भिंग धरायचं, मग तो नखं काढायचा, मग हातांची अदलाबदल... बोटाला लागलेलं कडेला लागलं असणार. काच मी पुसून ठेवायचे, स्वच्छ पुसायचे. हातही साबणाने धुवायचे. पण ती रबराची कड काळी आहे, तिच्यावर काय दिसणार?"

"आणि तीच कड हे दिवसभर डोळ्यात खुपसून बसायचे," डॉक्टरीण म्हणाली. "घामाने मलम वितळायचं आणि थेट आत. वा! वीस वर्षांत असा प्रकार बघितला नव्हता."

मला रडू फुटलं. तिच्यासमोर, नर्ससमोर, त्या हनुवटी टेकायच्या यंत्रासमोर. ज्या माणसाची छाती हलते की नाही ते मी दारात उभी राहून बघत होते, त्याच्या डोळ्यात मीच माझ्या हातांनी औषध पोचवत होते, रोज दोनदा, नेमाने.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हात हातात घेईल.

"तू माझं भिंग घेतलंस?" तो म्हणाला.

"अरे, तुला फुगा नाहीये डोक्यात! ते ऐकलंस का?"

"मला न विचारता? आणि त्या गुंडासाठी?"

डॉक्टरणीने टेबलावर डोकं ठेवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मग सावरून तिने मेंदूच्या डॉक्टरला आमच्यासमोरच फोन लावला, सगळं सांगितलं, आणि बुधवारची नळी रद्द झाली. भिंग साबणाच्या पाण्याने धुवा, आठवडाभर काळा चष्मा लावा, बाहुली आपोआप जागेवर येईल, दहा दिवसांनी दाखवा, म्हणाली. आणि बोक्याला मलम घालताना हातमोजे घाला.

कॉरिडॉरमधून बाहेर पडेपर्यंत भाऊ ताठ मानेने चालत होता. फाटकाशी आल्यावर तो थांबला, खांबाला टेकला आणि हसायला लागला. इतका हसला की वॉचमन बघायला आला. मग मीही हसले. सत्तरीचा एक आणि चौऱ्याहत्तरची एक, खांबाला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत उभे. मग मला चक्क भूक लागली. शुक्रवारपासून मी जेवणाच्या नावाखाली काय गिळत होते कुणास ठाऊक. आम्ही कोपऱ्यावरच्या कँटीनमध्ये बसून दोन दोन ऑम्लेटं खाल्ली आणि हॉस्पिटलच्या बाकांना नावं ठेवली.

घरी आलो तर दारासमोर आमची भाची उभी. मधल्या बहिणीची मुलगी, दोन तासांच्या अंतरावर राहते. पायाशी चार रिकामी खोकी, घडी घातलेली, आणि चिकटपट्टीचं मोठं भेंडोळं.

"मावशी!" तिने मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून मामाकडे बघितलं. "सांगितलंत का हिला?"

"काय सांगायचंय?" मी म्हणाले.

भाऊ कुलपात किल्ली घालायचा प्रयत्न करत होता. किल्ली भोकाच्या बाजूला लागत होती. तो वळला नाही.

"ताई, तुझा सकाळचा चहा..."

"चहाचं नाव काढलंस तर बघ!"

आत गेल्यावर सगळं बाहेर आलं. गॅलरीतले ते फोन भाचीला होते. बुधवारी तपासणीच्या टेबलावर काही बरंवाईट झालं किंवा डोळा गेला, तर मी एकटी राहू नये, म्हणून याने तिच्याकडे माझी सोय लावून टाकली होती. मला चार दिवस हवापालट म्हणून न्यायचं आणि ठेवून घ्यायचं. तिने खोली रिकामी करून रंगसुद्धा दिला होता, पिवळा. माझी व्यवस्था ठरली होती आणि मलाच पत्ता नव्हता.

मी कडाडले. "मी पार्सल आहे का? पत्ता लिहून टाकलंत की पोचलं? अडतीस वर्षं मी दुसऱ्यांची पार्सलं पाठवली, आता माझंच पाठवताय? आणि तुला कुणी सांगितलं तू आधी जाणार? मी चार वर्षांनी मोठी आहे. रांगेत मी पुढे आहे, समजलास? मध्ये घुसायचं नाही!"

भाची बिचारी खोकी धरून उभी. तिला फुग्याचं काय झालं ते अजून कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, मलमापासून खांबापर्यंत. ती आधी खुर्चीत बसली, मग हसली, मग रडली, आणि मग पर्समधून चार घड्यांचा कागद काढून म्हणाली, "मग आता हे नको. मामाने काल कुणाच्या तरी हाती पाठवलं होतं. पण मावशी, तू वाच."

"ते इकडे दे," भाऊ म्हणाला. मी आधी घेतलं.

याचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. लोक त्याच्याकडून पत्रिकांवरची नावं लिहून घेतात. पण या कागदावर ओळी उतरणीला लागल्यासारख्या खाली गेल्या होत्या, अक्षरांवर अक्षरं चढली होती. डावा डोळा मिटून की उजवा मिटून लिहिलं होतं कोण जाणे. वर लिहिलं होतं, 'ताईला काय काय लागतं.'

सकाळी उठल्यावर अर्धा तास तिच्याशी बोलू नये. बोललेलं चालतं असं ती म्हणेल. चहात साखर नको म्हणते, पण आपण पाठ केली की अर्धा चमचा घालून घेते, तेव्हा डबा हाताशी ठेवून पाठ करावी. थंडी वाजत नाही असं म्हणते, वाजते. न विचारता पायांवर पांघरूण टाकावं. बोका बरोबर येईल, तो चावतो, पण तिला त्याच्याशी बोलायला लागतं. दिवसातून एकदा तरी कशावरून तरी भांडावं, नाहीतर तिला जेवण जात नाही. शेवटी आपण हरावं. जिना उतरताना तिचा हात धरू नये, तिला राग येतो. आपण फक्त एक पायरी पुढे चालावं.

मी तिथेच थांबले. अकरा वर्षं हा माणूस जिन्यात माझ्यापुढे चालतो. अकरा वर्षं मी त्याला मागून बोलतेय, की एवढी काय घाई आहे, माणसाला बरोबर घेऊन चालायची रीत नाही का तुला. त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. आणि गेल्या आठवड्यात पायऱ्या नीट दिसत नसतानासुद्धा तो पुढेच चालत होता. हॉस्पिटलच्या जिन्यातही, आत्ता तासाभरापूर्वी.

भाची स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली. भाऊ खिडकीकडे तोंड करून बसला होता, नवा काळा चष्मा लावून.

"यादीत एक राहिलंय," मी म्हणाले.

"सगळं लिहिलंय मी," तो म्हणाला. "काय राहिलं?"

"मला तू लागतोस. ते सगळ्यात वर लिहायचं होतंस, गाढवा."

त्याने चष्मा काढला. उजवी बाहुली केवढी आणि डावी केवढीशी, पण पाणी दोन्ही डोळ्यांतून सारखंच येत होतं. मी जाऊन त्याच्याजवळ बसले, आणि बराच वेळ आम्ही कशावरूनही भांडलो नाही.